तीनशेच्या पुढचे

स्लाइड परत आली होती. तिच्या चौकटीत एक चिठ्ठी खोचलेली होती आणि चिठ्ठीवर डॉक्टर हाउप्टच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'तीनशे नाहीत. तीनशे त्र्याण्णव आहेत. सवड झाली की बोलू.' इडालीना मेदेइरोसने ती अंगातला कोट न काढताच वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग कोट खुंटीला लावला, डोक्याचा रुमाल घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि खुर्चीत बसून सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. चोवीस वर्षं रोज सकाळी ती हे सगळं याच क्रमाने करीत आली होती, आणि आजही त्यात फरक पडला नाही. स्लाइडच्या कडेला मात्र स्वतःच्या हातची तारीख दिसली, नऊ नोव्हेंबर, अकरा वर्षांपूर्वीची, आणि डाव्या हाताची बोटं गार पडल्यासारखी वाटली. पण नोव्हेंबरात प्रॉव्हिडन्समध्ये बोटं गार पडायला कारण लागत नाही. खाडीवरून वारा येतो, आणि विद्यापीठाच्या त्या जुन्या इमारतीच्या खिडक्या कधी धड लागल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं आणि कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नसे. जहाजं उत्तरेकडे जात, समुद्राच्या तळात लांबलचक नळी खुपसून चिखल वर काढीत, आणि तो चिखल धुऊन चाळला की चाळणीत पांढरी वाळू उरे. ती वाळूही नसेच. एकूणएक कवचं असत, कधीकाळी पाण्याच्या वरच्या थरात तरंगत जगलेल्या आणि मेल्यावर तळाशी बसलेल्या जिवांची. त्यांतली एक जात थंड पाण्यात वाढली तर कवच डावीकडे वळवी, उबदार पाण्यात वाढली तर उजवीकडे. डावे किती, उजवे किती हे मोजलं की अठरा हजार वर्षांपूर्वी, जेव्हा या शहराच्या डोक्यावर अर्धा-एक मैल जाड बर्फ होता, तेव्हा तिकडचा समुद्र किती गार होता ते कळे. तिचा नवरा जानुआरिओ म्हणायचा, 'म्हणजे तू समुद्राचा ताप बघतेस. आणि रोगी मरून अठरा हजार वर्षं झाली.' तो दागिन्यांच्या कारखान्यात मुलामा द्यायच्या हौदावर होता. स्वस्तातल्या साखळ्या आणि झुमके दिवसभर आम्लात बुडवायचा. आपलं काम बायकोच्या कामापेक्षा शहाणपणाचं आहे अशी त्याची ठाम समजूत होती, आणि ती त्याने सहसा लपवली नाही.

काळ्या थाळीत चिमूटभर वाळू पसरायची. दोन-तीन केसांचा कुंचला जिभेच्या टोकाला लावून ओला करायचा, समोर येईल तो दाणा उचलायचा आणि स्लाइडच्या साठ आखीव घरांपैकी एका घरात डिंकावर ठेवायचा. डावा असेल तर मोजणीयंत्राची डावी कळ, उजवा असेल तर उजवी. शंभर भरले की यंत्र घंटी देई. तिसरी घंटी झाली की थांबायचं, तक्त्यावर दोन आकडे मांडायचे, शेजारी वेळ लिहायची, बस. तीनशे म्हणजे तीनशे. आणि निवडायचं नाही, हा दुसरा नियम, पहिल्याहूनही कडक. छान दिसला म्हणून उचलला नाही, मोडका म्हणून सोडला नाही, जो समोर येईल तो घेतला. नव्या मुली आल्या की इडालीना त्यांना एवढंच शिकवी, आणि वर सांगे की डोळे वापरा, मन घरी ठेवून या. मुली हसत. ती मात्र हे विनोदाने म्हणत नसे.

तिने नजर भिंगाला लावली. वरच्या घरांत डावे नीट ओळीने बसले होते. खालच्या एका ओळीत उजवे, मोजके, आणि त्यांच्या पुढच्या घरांत आणखी उजवे. घरं भरत गेली होती, शेवटच्या दोन घरांत तर दाटीवाटीने. एकही दाणा वाकडा नव्हता. प्रत्येकाचं तोंड वर, प्रत्येकाखाली डिंकाचा इवलासा थेंब. तीनशेच्या आतले कुठले आणि पुढचे कुठले हे स्लाइड पाहून कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं. तिने तक्त्यांची जुनी वही काढली. नऊ नोव्हेंबर. डावे दोनशे एक्क्याऐंशी, उजवे एकोणीस. वेळ दोन वाजून वीस मिनिटं. ते दोनवीस ती बराच वेळ पाहत राहिली. अकरा वर्षं तिने स्वतःला सांगितलं होतं की फोन आला तेव्हा स्लाइड अर्धी राहिली होती. माणूस हातातलं काम टाकून उठत नाही, संपवून उठतो, यात कुणाचं काही चुकत नाही. आणि इथे तिच्याच हाताने वेळ लिहून ठेवली होती.

फोन दोन पस्तीसला आला. भिंतीवरचं घड्याळ तेव्हा फोनच्या वरच होतं. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती की मिस्टर मेदेइरोसचा श्वास बदललाय, आता तुम्ही यावं. आणि इडालीना म्हणाली होती, 'एवढी स्लाइड संपवते नि येते.' सहा आठवडे तो तिथे होता. दिवसा त्याची बहीण फिलोमेना बसायची, संध्याकाळी सहानंतर इडालीना. त्या सहा आठवड्यांत त्याचं तोंड उघडं राहू लागलं होतं, आणि त्या तोंडातून कारखान्याचाच वास येत होता, हौदाचा. तिला ते तोंड पाहवत नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही. पाप म्हणावं तर ते पाप नव्हतं, आणि पाप नसलेल्या गोष्टी सांगायची कुठे जागा नसते. रिसीव्हर ठेवून ती परत खुर्चीत बसली. थाळीत वाळू उरली होती. ती त्यातले उजवे शोधू लागली. शंभरांत पाच-सहाच उजवे सापडत होते त्या वाळूत, म्हणून एकेकाला वेळ लागत होता. डावे घेतले असते तर स्लाइड पाऊण तासात गच्च झाली असती. हे तिला तेव्हाही कळत होतं, आणि यंत्राला तिने हात लावला नव्हता. साडेचारला पुन्हा फोन वाजला. नर्स बदललेली होती. चार वाजून दहा मिनिटांनी, असं ती म्हणाली.

डॉक्टर कॉन्स्टन्स हाउप्ट अकराच्या सुमाराला आली. वय एकतीस, मिशिगनकडची, हनुवटीवर खळी, आणि बोलताना समोरच्याच्या खुर्चीपेक्षा उंच दिसू नये म्हणून स्टुलावर बसायची सवय. ती भांडायला आली नव्हती. सगळ्या समुद्रांचा एक मोठा नकाशा तयार होत होता, हिमयुगातल्या पाण्याच्या तापमानाचा, आणि त्यातला एक ठिपका या स्लाइडवर उभा होता. तक्त्यावरचे आकडे धरले तर तिथे ध्रुवाचं पाणी, बर्फाची कड जवळच. स्लाइडवरचे धरले तर पाणी तीन अंशांनी उबदार, आणि कड पार उत्तरेला सरकते. नळीतला तो थर संपून गेला होता, उरलेली वाळू दुसऱ्या एका तपासणीसाठी आम्लात विरघळवली होती, आणि त्या भागातली दुसरी नळी कुणापाशी नव्हती. म्हणजे होती ती एवढी स्लाइड, आणि मिसेस मेदेइरोस.

'एखाद्या विद्यार्थ्याने हात बसावा म्हणून जादा चिकटवले असतील का?' डॉक्टरने विचारलं. 'अकरा वर्षांत कोण कोण येऊन गेलं असेल इथे. तसं असेल तर मी स्लाइड बाद करते. नकाशावर तिथे कोरी जागा राहील, एवढंच.'

वाट किती सोपी करून दिली होती. हो म्हटलं की संपलं. कुणीतरी विद्यार्थी, आता टेक्सासात नाहीतर कुठे, ज्याला कधी कळणारही नाही. इडालीनाच्या ओठांपर्यंत हो आलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही चव ओळखीची आहे. हे तिने यापूर्वी एकदा केलेलं आहे. ती म्हणाली की आठवून उद्या सांगते. डॉक्टर 'काही घाई नाही' म्हणाली आणि जाताना स्टूल जागेवर ठेवून गेली.

त्या वेळी असाच दोष ज्याच्यावर गेला ते समोर नसलेलं माणूस म्हणजे अ‍ॅग्नेस डॉयल. इमारतीच्या खालच्या मजल्यावर टेलिफोनच्या फळीपुढे बसायची, बाहेरून आलेला प्रत्येक फोन तिच्या हातून वर जायचा. दफनानंतर चौथ्या दिवशी फिलोमेनाने स्वयंपाकघरात विचारलं होतं, 'नर्स म्हणते अडीचला विद्यापीठात निरोप दिला. तू पाचला आलीस. मधे काय झालं, वहिनी?' आणि इडालीना भांडी पुसत म्हणाली होती, 'मला साडेचारला मिळाला.' यात अक्षरही खोटं नव्हतं. साडेचारला फोन मिळाला होताच. पुढचं फिलोमेनाने केलं. काळे कपडे घालून ती विद्यापीठात गेली, टेलिफोनच्या फळीपुढे उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत अ‍ॅग्नेसला म्हणाली की तुझ्यामुळे माझा भाऊ बायकोचं तोंड न बघता गेला. अ‍ॅग्नेसने वाद घातला नाही. दिवसाला शंभर फोन जोडणारी बाई, तिला शपथेवर सांगता येईना. लावलाही असेल लगेच, लोंबकळत ठेवलाही असेल. महिनाभरात तिला तळघरात टपालाच्या खोलीत बसवलं, आणि दोन वर्षांनी ती नोकरी सोडून गेली. दर वर्षी नोव्हेंबरात तिचं कार्ड येतं. फुलं असतात, आणि खाली दोन ओळी की त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. इडालीना ती कार्डं टेबलाच्या खणात ठेवते. उत्तर तिने कधी पाठवलं नाही, आणि फाडून एकही टाकलं नाही.

संध्याकाळी ती फॉक्स पॉइंटच्या उतारावरून चालत घरी आली. महामार्ग झाल्यापासून मोहल्ल्याचा निम्मा भाग गेला होता, उरलेल्यात तिमजली लाकडी घरं खेटून उभी होती, आणि त्यांतल्या एकाच्या मधल्या मजल्यावर ती आणि वरच्या मजल्यावर फिलोमेना. फिलोमेना साठीची, लग्न केलेलं नाही, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. केल नावाच्या पाल्याचं आणि सॉसेजचं सूप घेऊन ती खाली आली होती, सोबत गोड पाव. जानुआरिओच्या वार्षिक प्रार्थनेचं बोलली. पाद्रीबाबांनी या खेपेला सकाळची वेळ दिलीय, सकाळी कोण येणार, मेलेल्यांना काय कामावर जायचं असतं का, असं म्हणाली. मग नेहमीच्या वळणावर आली.

'शेवटपर्यंत दाराकडे बघत होता. मी म्हटलं, येतेय ती, येतेय. तोंडाने बोलत नव्हता, पण डोळे दारावर. आणि ती डॉयलबाई खाली बसून नखं रंगवत असणार.'

हे वाक्य इडालीनाने वर्षातून चार वेळा तरी ऐकलं असेल. ती नेहमी पावाचा तुकडा मोडायची आणि सुपात बुडवायची. फिलोमेना ते दुःख समजायची आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायची. आजही तिने हात फिरवला. हात उबदार होता, सूपही गरम होतं, आणि इडालीनाला दोन्ही लांबून जाणवली, हातमोजे घालून भांडं धरावं तसं. वाईट तरी वाटायला हवं होतं. ती वाट पाहत बसली की आता वाटेल, मग वाटेल. फिलोमेना भांडं घेऊन वर गेली, तिची पावलं छतावरून खाटेपर्यंत गेली, आणि काहीच वाटलं नाही. तिला एवढंच कळलं की उद्या डॉक्टरला काय सांगायचं हे ठरवताना ती जानुआरिओचा विचार करीत नव्हती. ती त्या ठिपक्याचा विचार करीत होती. उबदार म्हणून छापलं जाईल, नाहीतर कोरं राहील, आणि ते पाणी तर गार होतं. तिने स्वतः मोजलं होतं. आयुष्यात तिने दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल एवढ्या खात्रीने काही म्हटलं नसतं, आणि याची तिला लाज वाटली. लाज मात्र खरी होती. ती तिने ओळखली, कारण बऱ्याच वर्षांत काही आत येऊन बसलं नव्हतं.

सकाळी डॉक्टर हाउप्ट आली तेव्हा इडालीनाने वही उघडून ठेवली होती. तिने दोनवीसवर बोट ठेवलं.

'तीनशे इथे संपले,' ती म्हणाली. 'दोनशे एक्क्याऐंशी आणि एकोणीस. ते बरोबर आहेत. पुढचे त्र्याण्णव मी घेतले, पावणेतीनपासून साडेचारपर्यंत, आणि फक्त उजवे निवडून घेतले. ते मोजू नका.'

डॉक्टर वहीकडे पाहत राहिली. मग तिने हळूच विचारलं की निवडून का. ती विचारणारच होती. कारण नसलेला आकडा कुणी छापत नाही, आणि कारण देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही हे ते कारण ऐकल्यावरच ठरतं.

'उजव्यांना वेळ लागतो म्हणून. माझा नवरा दवाखान्यात मरत होता. मला बोलावणं आलं होतं आणि मला जायचं नव्हतं.'

खिडकीची फट वाजत होती. डॉक्टर 'माफ करा' म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, आणि हातातली पेन्सिल कुठे ठेवावी हे तिला सुचेना. इडालीनाने ती घेऊन टेबलावर ठेवली. 'तक्त्याखाली टीप द्यावी लागेल,' डॉक्टर चाचरत म्हणाली, 'नाव न घालता. तीनशेनंतरचे दाणे निवडक असल्याचं मोजणाऱ्या व्यक्तीने स्वतः सांगितलं, एवढंच.' इडालीना म्हणाली की नाव घातलं तरी चालेल. मग डॉक्टरने विचारलं की तुम्ही घरी जाता का आज, आणि ती म्हणाली की नाही, थाळीत वाळू काढून ठेवलीय.

पण तिने वाळूला हात लावला नाही. टेबलाच्या खणातून शेवटचं कार्ड काढलं. पाठीमागे पत्ता होता, पॉटकेटचा, आणि त्याखाली फोन नंबर, दर वर्षी न चुकता लिहिलेला, कुणीतरी कधीतरी लावील म्हणून. भिंतीवरचा फोन तोच होता. घड्याळ बदललं होतं, आता ते दाराच्या वर होतं. तिने नंबर फिरवला. दुसऱ्या घंटीला उचलला गेला आणि पलीकडून स्वच्छ, तयार आवाजात 'बोला' आलं, फळीपुढे बसल्यासारखं.

'इडालीना बोलतेय. मेदेइरोस.'

'अगं,' अ‍ॅग्नेस म्हणाली, 'कार्ड मिळालं का? या महिन्यात मला दरवर्षी तुझी आठवण येते. मी कितीदा आठवून बघते, फोन मी कुठे अडकवून ठेवला असेन—'

'तू नाही अडकवलास. तू लगेच जोडलास. मी उचलला, नर्सशी बोलले, आणि गेले नाही. साडेचारचा फोन दुसरा होता. फिलोमेनाला मी तेवढाच सांगितला.'

पलीकडे कुठेतरी रेडिओ चालला होता, तो बंद झाला. इडालीना उभी होती आणि तिला वाटत होतं की आता ही ओरडेल, ओरडायलाच हवं, किंवा फोन ठेवून देईल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी चालेल. तळघरातली दोन वर्षं तिच्या मनात आली. तिथे खिडकी नव्हती. एकदा पाकिटं न्यायला ती खाली गेली होती, तेव्हा अ‍ॅग्नेसने उठून तिला स्वतःची खुर्ची दिली होती, आणि ती बसली होती.

'फिलोमेनाला माहीत आहे?' अ‍ॅग्नेसने विचारलं. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

'संध्याकाळी कळेल. मी सांगणार आहे.'

'थांब जरा,' अ‍ॅग्नेस म्हणाली. खण उघडल्याचा आवाज आला, काहीतरी शोधल्याचा, मग कागद सरकवल्याचा. पूर्वी फोन आला की ती आधी चिठ्ठी ओढायची, कुणाचा, कुणाला आणि किती वाजता. 'हं. किती वाजता जोडला मी?'

'दोन पस्तीसला.'

'पुन्हा सांग.'

'दोन पस्तीस,' इडालीना म्हणाली, आणि पलीकडे अ‍ॅग्नेस ते लिहून घेत होती ते तिला ऐकू आलं.